उरल्यासुरल्या साहित्यांतून नाताळचीं भेटकार्डें

नाताळचा सण डिसेंबरच्या २५ तारखेस येतो. परंतु आमच्या हस्तव्यवसायाच्या वर्गांत त्याची तयारी दिवाळी संपतांच सुरू होते. सुटीनंतर शाळा भरली कीं वर्गाच्या कोपऱ्यांत एक रिकामी पेटी ठेवण्यांत येते. आकाशकंदील करून उरलेला पतंगाचा कागद, वह्यांचे जुने पुठ्ठे, राखीचे मणी, शिंप्याकडील चिंध्या, लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू, पुडींत राहिलेली रांगोळी, असें जें जें कोणी आणील तें तें त्या पेटींत पडतें. या साहित्यांतून नाताळचीं भेटकार्डें कशीं करावीं, करतांना कोणत्या चुका होतात व त्या कां होतात, हें विद्यार्थ्यांस आणि त्यांच्या पालकांस सांगावें, या हेतूनें आम्ही हा लेख लिहीत आहों.

शुभेच्छा आज दूरध्वनीच्या पडद्यावरून क्षणांत पोंचते. मग कागद कातरण्याचा हा खटाटोप कशाला, असें कोणी विचारील. प्रश्न योग्य आहे. त्याचें उत्तर आम्हांसही आरंभीं ठाऊक नव्हतें. तें एका विद्यार्थ्यानें आम्हांस शिकविलें. तो प्रसंग पुढें येईलच.

पूर्ववृत्त

विक्रीसाठीं छापलेलें पहिलें नाताळचें कार्ड इ. स. १८४३ सालीं लंडन शहरांत निघालें. त्यापूर्वीं तीन वर्षें, म्हणजे १८४० सालीं, इंग्लंडांत एक पेनीचें टपाल सुरू झालें होतें. हलकें पत्र देशांत कोठेंही एका पेनींत जाऊं लागल्यामुळें पत्रांची संख्या फार वाढली. या टपाल-सुधारणेच्या कामीं ज्यांनीं खटपट केली त्यांपैकीं हेन्री कोल हे एक होत. नाताळांत आलेल्या पत्रांना उत्तरें लिहिण्यास त्यांस सवड होईना, म्हणून त्यांनीं जॉन कॅलकॉट हॉर्स्ली या चित्रकाराकडून एक चित्र काढविलें. त्याच्या हजार प्रती शिळाछापावर काढून हातानें रंगविल्या, आणि आपल्यापुरत्या ठेवून बाकीच्या एक शिलिंगास एक याप्रमाणें विकावयास काढल्या. शिलिंगाचे पेन्स बारा. म्हणजे एका कार्डाच्या किंमतींत बारा पत्रें धाडतां आलीं असतीं! गरिबांस तें कार्ड परवडणारें नव्हतें, हें उघड आहे.

त्या चित्राच्या मधोमध एक कुटुंब मेजवानीस बसलेलें असून त्यांतील लहान मुलाच्या ओंठांस मद्याचा पेला लागलेला दाखविला होता. त्यावरून मद्यपानविरोधी मंडळींनीं बरीच टीका केली. परंतु त्याच चित्राच्या दोन्ही बाजूंस भुकेल्यांस अन्न देणारे व उघड्यांस वस्त्र देणारे लोक काढले होते. मेजवानी मध्यें आणि दानधर्म कडेला, अशी ती मांडणी होती. पुढें १८७५ च्या सुमारास अमेरिकेंत बोस्टनजवळ लुई प्रँग यांनीं अनेक रंगांत सुंदर कार्डें छापण्यास सुरुवात केली, आणि छपाई स्वस्त होत गेली तसा हा प्रघात घरोघर पोंचला.

आणखी एक कार्ड आमच्या विषयाशीं अधिक जवळचें आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर संयुक्त राष्ट्रांच्या बालनिधीनें युरोपांतील मुलांस अन्नवस्त्रांची मदत केली. त्या मदतीबद्दल आभार मानण्यासाठीं चेकोस्लोव्हाकियांतील जित्का साम्कोवा नांवाच्या सात वर्षांच्या मुलीनें एक चित्र काढलें. कागद मिळेना, म्हणून तिनें तें कांचेच्या तुकड्यावर रंगविलें. त्यांत खांबाभोंवतीं नाचणारीं मुलें होतीं. १९४९ सालीं बालनिधीनें तेंच चित्र आपलें पहिलें भेटकार्ड म्हणून छापलें. श्रीमंताच्या मेजावरून निघालेला हा प्रघात शंभर वर्षांनीं कांचेच्या एका तुकड्यावर आला, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

पेटीचा नियम

पहिल्या वर्षीं आमच्या हातून एक चूक घडली. "घरीं उरलेलें साहित्य प्रत्येकानें आणावें," असें आम्हीं वर्गांत सांगितलें. दुसऱ्या दिवशीं कित्येकांनीं पिशव्या भरून आणल्या. तीनचार मुलें कोरा सोनेरी कागद घेऊन आलीं. तो उरलेला नसून आदल्या दिवशीं दुकानांतून विकत आणलेला होता. आणि पांचसहा मुलें रिकाम्या हातांनीं मागील बांकावर मान खालीं घालून बसलीं. तेव्हां आमच्या ध्यानांत आलें कीं, ज्या घरांत विपुल असतें त्याच घरांत कांहीं उरतें. कित्येक घरांत कागदाचा कपटा चुलीस लागतो, पुठ्ठा छपराच्या भोंकास लागतो, आणि चिंधी तर गोधडींत जाते. त्या घरांस 'उरलेलें आणा' म्हणणें म्हणजे जें नाहीं तें मागणें होय.

तेव्हांपासून पेटी सर्वांची एक ठेवली. कोणी काय आणलें याची नोंद नाहीं, आणि आणलेंच पाहिजे असा आग्रहही नाहीं. ज्यास आणतां येत नाहीं तो छापखान्यांत किंवा शिंप्याच्या दुकानांत जाऊन कातरण मागून आणतो. तें काम पेटींत वस्तु टाकण्याहून कमी मोलाचें नाहीं. नवें साहित्य विकत आणावयाचें नाहीं, एवढाच कडक नियम आहे. पालकांसही आमची हीच विनंती आहे.

कागद व त्याची घडी

यंत्रावर कागद तयार होतांना त्यांतील तंतु बहुतेक एकाच दिशेनें, म्हणजे यंत्र ज्या दिशेनें चालतें त्या दिशेनें, पसरतात. या दिशेस धरून कागद दुमडला तर घडी सरळ व स्वच्छ पडते. आडवा दुमडला तर घडी फुटते व तिच्यावर पांढरे तंतु दिसूं लागतात. ही दिशा ओळखण्याची युक्ति सोपी आहे. पुठ्ठा दोन्ही हातांत धरून प्रथम उभा व नंतर आडवा, न मोडतां, हळूच वाकवून पाहावा. ज्या बाजूनें तो सहज वांकेल त्या बाजूनें घडी घालावी. वर्तमानपत्राचा जुना कागद फाडून पाहिला तरी हेंच दिसेल: एका दिशेनें तो सरळ फाटतो, दुसऱ्या दिशेनें वेडावांकडा. हातकागदांत मात्र तंतूंची अशी एक दिशा ठळक नसते. तो बहुधा दोन्हीकडून सारखाच वांकतो.

घडी घालण्यापूर्वीं पट्टी ठेवून, शाई संपलेल्या लेखणीच्या टोंकानें एक रेघ दाबून ओढावी. कागद कापला जाऊं नये, केवळ दबावा. मग त्या रेघेवर दुमडून वरून चमच्याची पाठ फिरवावी. एवढी काळजी घेतल्यास जाड पुठ्ठ्यासही न फुटतां घडी पडते.

माप काय घ्यावें? कचेरींत वापरतात तो नेहमींचा कागद २९.७ सें. मी. लांब व २१ सें. मी. रुंद असतो. त्याचे आडवे दोन समान भाग केले तर प्रत्येक तुकडा २१ × १४.८ सें. मी. होतो, आणि तो मधोमध दुमडला कीं १४.८ × १०.५ सें. मी. चें कार्ड तयार होतें. गंमत अशी कीं, या कागदाच्या लांबीरुंदीचें प्रमाण दोनाच्या वर्गमुळास एक असें ठेवलेलें असल्यामुळें तो कितीही वेळां अर्धा केला तरी त्याचा आकार तसाच राहतो. भूमितीच्या वर्गांत हें करून पाहावें.

खळ

चिकटविण्यास घरची खळ उत्तम. एक वाटी मैदा थोड्या थंड पाण्यांत कालवून गुठळ्या मोडाव्या. एकंदर सहा वाट्या पाणी होईल इतकें पाणी त्यांत घालून भांडें मंद आंचेवर ठेवावें व सारखें ढवळीत राहावें. मैद्यांतील पिठूळ द्रव्याचे सूक्ष्म कण सुमारें साठ अंश उष्णतेच्या पुढें पाणी शोषून फुगतात, त्यामुळें पातळ पाणी एकाएकीं दाट होतें. दाट होऊन तकाकी आली कीं उतरावें व चिमूटभर तुरटीची पूड घालावी. ही खळ दोन दिवस टिकते, पुढें आंबते. पुस्तकें बांधणारे कारागीर कीड लागूं नये म्हणून खळींत मोरचूद घालतात. परंतु तो विषारी असल्यामुळें मुलांनीं त्याच्या वाटेस जाऊं नये.

खळ नेहमीं पातळ व थोडी लावावी. ओला कागद फुगतो व वाळतांना आंखडतो. म्हणून एका बाजूस भरपूर खळ लावलेलें कार्ड वाळल्यावर पापडासारखें वांकडें होतें. पहिल्या वर्षीं आमचीं निम्मीं कार्डें अशींच वांकलीं. उपाय असा: चिकटवून झालें कीं कार्ड दोन कोऱ्या कागदांमध्यें ठेवून वर जाड पुस्तकांचें वजन द्यावें आणि तें रात्रभर तसेंच राहूं द्यावें. घाईनें उन्हांत वाळवूं नये.

सजावट

*तारा.* बेथलेहेमचा तारा हें नाताळच्या कार्डाचें साधें व अर्थपूर्ण चिन्ह होय. पतंगाच्या कागदाचा एक चौरस घेऊन तो मधोमध दुमडावा, पुन्हा मधोमध दुमडून लहान चौरस करावा. जो कोपरा मूळ कागदाचा मध्य आहे तो ध्यानांत ठेवून, त्या कोपऱ्यांतून जाणाऱ्या कर्णावर तिसरी घडी घालावी, आणि त्याच कोपऱ्याशीं चौथी. आतां कागदाचे सोळा पदर झाले. मध्याच्या कोपऱ्यापासून एका कडेवर दूर व दुसऱ्या कडेवर जवळ अशा दोन खुणा करून, त्या जोडणारा एकच तिरपा काप कात्रीनें द्यावा. मध्याकडील भाग उलगडला कीं आठ टोंकांचा तारा मिळतो. चौथी घडी न घातल्यास चारच टोंकें येतात. असें कां होतें, हें प्रत्येकानें घड्या मोजून स्वतः शोधावें.

पतंगाच्या कागदाचा रंग पाण्यानें सुटतो. म्हणून खळ ताऱ्यास न लावतां कार्डास लावावी व तारा तिच्यावर अलगद टेंकवावा. रंग सुटण्याच्या या दोषाचा उपयोगही होतो: पांढऱ्या कागदावर निळ्या व जांभळ्या पतंगी कागदाचे ओले तुकडे दाबून उचलले कीं मागें रात्रीच्या आकाशासारखी छटा राहते.

*हळद.* हळदीच्या पाण्यानें कार्ड पिवळें रंगवून वाळवावें. नंतर शिक्षकांनीं चुन्याच्या निवळींत बुडविलेली काडी त्यावर फिरवावी. काडी जाईल तेथें तांबडी रेघ उमटते. हळद व चुना यांपासून कुंकूं होतें, तें याच गुणामुळें. चुना डोळ्यांस फार अपायकारक असल्यामुळें हें काम लहान मुलांवर सोंपवूं नये. हळदीचा रंग उन्हांत विटतो. यास्तव असें कार्ड खिडकींत ठेवूं नये.

*रांगोळी व सालपटें.* खळीनें टेंकड्यांची रेघ काढून तिच्यावर रांगोळी भुरभुरावी व जास्त झालेली झटकून टाकावी. आपल्याकडे हिम नाहीं. तेव्हां दुकानच्या चित्रांतील हिमाच्छादित झोंपडी नकलण्यापेक्षां मेंढपाळांचें माळरान काढणें बरें. यासाठीं रांगोळीइतकें सोयीचें साहित्य दुसरें नाहीं. पेन्सिलीस टोंक करतांना निघणाऱ्या गोल सालपटांचे देवदूताचे पंख सुरेख होतात. बाजारच्या चमकीचा मोह मात्र टाळावा. ती बहुतेक प्लास्टिकची असते. तिचे कण हातांतून पाण्यांत व पाण्यांतून नदींत जातात आणि कुजत नाहींत. फुटक्या बांगड्यांचे तुकडेही वापरूं नयेत, बोटें कापतात. टपालानें पाठवावयाच्या कार्डावर मणी लावूं नयेत. टपालाचा शिक्का बसतांच ते फुटतात.

पाकीट

जुन्या दिनदर्शिकेच्या जाड पानाचें पाकीट चांगलें होतें. कार्डाची लांबी व रुंदी मिळवावी. आमच्या कार्डाची बेरीज २५.३ सें. मी. येते. पाकिटासाठीं घ्यावयाच्या चौरसाचा कर्ण या बेरजेहून थोडा मोठा असला पाहिजे. १९ सें. मी. बाजूच्या चौरसाचा कर्ण सुमारें २६.९ सें. मी. असतो, म्हणून तो पुरेसा होतो. चौरस तिरपा, म्हणजे शंकरपाळ्यासारखा ठेवून त्यावर कार्ड सरळ ठेवावें. प्रथम डावा व उजवा कोपरा आंत दुमडावा, मग खालचा कोपरा वर घेऊन त्या दोहोंस चिकटवावा, आणि वरचा कोपरा झांकणासारखा ठेवावा. छापील बाजू आंत गेली कीं बाहेरून पाकीट पांढरें दिसतें.

मजकूर

आंत काय लिहावें, हा प्रश्न सजावटीपेक्षां अवघड आहे. छापील कार्डांतील वाक्यें उतरून काढूं नयेत. ज्याला कार्ड द्यावयाचें त्याच्याविषयीं खरी अशी एक गोष्ट लिहावी. 'आजी, तूं शिवलेली गोधडी थंडींत पुरते,' हें एक वाक्य दहा अलंकारिक ओळींहून अधिक आहे.

आतां तो प्रसंग सांगतों. आमच्या वसतिगृहांत बीडकडील कांहीं मुलें राहतात. त्यांचे आईबाप दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीसाठीं दूरच्या साखर कारखान्यांवर जातात व फाल्गुन-चैत्रांत परत येतात. नाताळ येतो तेव्हां घराला कुलूप असतें. एके वर्षीं अशांपैकीं एक सातवींतील मुलगा कात्री हातांत न घेतां बसून राहिला. कारण विचारतां तो म्हणाला, "सर, आमच्या कोपीवर वाचणार कोण?"

या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हतें. मजकुराविषयीं आम्हीं सांगितलेलें सर्व कांहीं वाचतां येणाऱ्या माणसासाठीं होतें. आम्हीं त्यास एवढेंच म्हटलें कीं, जें वाचावें लागत नाहीं असें कांहीं तुला सुचतें का तें पाहा. तो बराच वेळ पेटी चाळीत बसला. मग एका वहीच्या पुठ्ठ्याच्या बाहेरील बाजूस त्यानें रांगोळीचें माळरान केलें, वर तारा लावला, आणि आंत आपला डावा पंजा ठेवून भोंवतीं पेन्सिलीनें रेघ ओढली. दुसरें कांहीं नाहीं. पत्ताही नव्हता, उसाच्या फडांतील कोपीस पत्ता कोठला? कारखान्याकडे जाणाऱ्या एका ओळखीच्या वाहनचालकाच्या हातीं तें कार्ड दिलें.

चैत्रांत त्याची आई भेटीस आली. पिशवींतून तिनें तें कार्ड काढलें. धुरानें तें काळवंडलें होतें. तारा फाटला होता. रांगोळी तर सारीच झडून गेली होती. खळ जाड लागल्यामुळें ती वरच्या वर सुकून पापुद्र्यासारखी निघाली असावी. पंजाची रेघ तेवढी शाबूत होती. "ठेव बरं हात," ती म्हणाली. मुलानें हात ठेवला. त्याचीं बोटें रेघेच्या बाहेर गेलीं होतीं. ती कांहीं वेळ त्या बोटांकडे पाहत राहिली, आणि मग कार्ड पुन्हा पिशवींत ठेवलें.

तेव्हांपासून वर्गांत आम्ही सजावट शिकवितांना दोन गोष्टी सांगतों. पहिली ही कीं, खळ पातळ लावावी. दुसरी ही कीं, सर्व सजावट झडून गेल्यावर कार्डावर काय राहील, याचा विचार आधीं करावा. पडद्यावरील शुभेच्छा लौकर पोंचते हें खरें. पण ती कोणाच्याही हाताची असूं शकते. हें कार्ड एकाच हाताचें होतें, आणि त्याचें मापही त्यांत होतें.

शुभवर्तमानांत अशी कथा आहे कीं, प्रभूनें पांच हजारांस जेवूं घातल्यावर उरलेले तुकडे वायां जाऊं नयेत म्हणून शिष्यांकडून ते गोळा करविले, आणि त्यांच्या बारा टोपल्या भरल्या. सर्व जण तृप्त झाल्यावरही त्यास तुकड्यांचा विसर पडला नाहीं. विद्यार्थिमित्रहो, तुमच्या वर्गांतही एक पेटी ठेवा. ती सर्वांची असूं द्या, आणि तिच्यांतून पहिलें कार्ड अशा एकासाठीं करा कीं, ज्याला यंदा दुसऱ्या कोणाचें कार्ड यावयाचें नाहीं.